खालच्या आवाजाला दिशा नसते

१

मी लोकांच्या घरी जाऊन रांगतो. हसू नका, धंदाच तसला आहे. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पोट सुटलेलं, शर्ट पँटीतून बाहेर आलेला, आणि दुसऱ्याच्या हॉलमध्ये चार पायांवर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ह्याचं काहीतरी पडलंय.

मी होम थिएटर बसवतो. टीव्ही, त्याच्या बाजूचे छोटे स्पीकर, आणि सबवूफर, म्हणजे ती काळी पेटी जिच्यातून नुसती धडधड येते. आम्ही तिला सब म्हणतो. छोटे स्पीकर कुठे लावायचे ते कोणीही सांगेल. सबची जागा शोधायला मात्र अक्कल लागते. रीत अशी, की सब उचलून गिऱ्हाइकाच्या बसायच्या खुर्चीवरच ठेवायचा आणि टोन, म्हणजे एकसुरी घुमणारा आवाज, चालू करायचा. मग आपण जमिनीलगत कान नेऊन खोलीभर रांगायचं. तपासून झालेल्या जागेवर टेपची फुली मारायची. जिथे आवाज सगळ्यात भरीव लागेल ती सबची जागा. मग अदलाबदल करायची. सब तिकडे जातो आणि माणूस खुर्चीवर बसतो. वाजणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने जागा बदलल्या तरी आवाजाला काही फरक पडत नाही. ही गोष्ट मी वीस वर्षं डोळे झाकून मानत आलो.

काम झालं की मी एक खेळ करतो. घरातल्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची, गाणं लावायचं आणि विचारायचं, सांगा, धडधड कुठून येतेय? लोक टीव्हीकडे बोट दाखवतात. सब बिचारा सोफ्याच्या मागे असतो. मी म्हणतो, "चूक! खालच्या आवाजाला दिशा नसते." उंच आवाज एका कानाला आधी लागतो, दुसऱ्याला नंतर, म्हणून तो कुठून आला ते कळतं. खालच्या आवाजाची एकेक लाट वीस-तीस फुटांची. ती दोन्ही कानांना एकदमच झाकून टाकते. लोक ओढणी सोडून बघतात, खूश होतात, चहा येतो.

नोव्हेंबरात वरळीला एका टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर काम होतं. मालक हर्षवर्धन म्हणून तरुण मुलगा, त्याची बायको आणि त्याची आई. समोर समुद्र, समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर टीव्ही, सब सोफ्यामागे. तिघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, गाणं लावलं.

तिघांनीही पाठीमागे बोट दाखवलं. टीव्ही नाही, सोफाही नाही. समुद्राकडे पाठ करून, दाराच्या बाजूला, तिरकं खाली. तिथे चपलांचं कपाट होतं. त्याच्याही खाली.

"चूक!" मी म्हणालो.

हर्षवर्धनची आई पट्टी सोडायला तयार नव्हती. "अहो, इकडूनच येतंय. लांबून येतंय. तुम्हाला नाही येत ऐकू?"

मला राग आला. वीस वर्षं कानाचा धंदा करणाऱ्याला कोणी असं विचारतं का? मी हसून वेळ मारून नेली आणि चहा न घेताच निघालो.

२

आमची चाळ लालबागला, मसाला गल्लीच्या मागे. दुसरा मजला, दहा बाय अठराची खोली. घरात मी, माझी बायको रुपाली आणि मुलगी श्रेया. रुपाली दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवे लागल्यावर येते. श्रेया दहा वर्षांची, पाचवीत, सकाळची शाळा. एक वाजता घरी येते, दप्तर फेकते, जेवते आणि एकटी असते. शेजारच्या शांताकाकी अधूनमधून डोकावतात.

श्रेयाला माझ्या धंद्याचं भारी वेड. रविवारी मी जुना सब कॉटखालून काढायचो, खुर्चीवर ठेवायचो आणि आम्ही दोघं बापलेक खोलीभर रांगायचो. मी टेप लावतो तशी ती खडूने फुल्या मारायची. रुपाली ओरडायची, "अहो, लादी मी पुसते, तुम्ही नाही!" मजा होती. खरं सांगतो, माझ्या अख्ख्या आठवड्यातली तेवढीच मजा.

त्या दिवशी घरी येऊन मी वरळीची गंमत सांगितली. मला वाटलं श्रेया हसेल. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, सब बंद असला तरी थोडा येतो ना?"

"काय येतो?"

"खालचा आवाज."

"तो खालचा मसाल्याचा डंक आहे बाळा. दिवसभर मिरच्या कुटतात ते. भिंतीतून चढतो आवाज."

"डंक धप धप करतो. हा धप करतच नाही. हा नुसता असतो."

"मग फ्रिज असेल. नाहीतर समोरच्या नव्या टॉवरच्या पायाचं पायलिंग असेल."

"इकडून येतो," ती म्हणाली आणि पेन्सिलीने खोलीच्या मधोमध दाखवलं. तिथे तिची अभ्यासाची खुर्ची होती. खुर्चीवर फोमची जुनी गादी, बस.

मी तिला सगळं नीट समजावलं. लाट किती लांब, कान किती जवळ, दिशा का कळत नाही. म्हटलं, तुला जी दिशा वाटते ती तुझा मेंदू बनवतो. अशा वेळी त्याचं ऐकायचं नाही. शहाण्या मुलीसारखी तिने मान हलवली आणि पुन्हा काही बोलली नाही. आता वाटतं, त्या दिवशी माझ्या थोबाडीत कोणी मारायला हवी होती. पोर खरं सांगत होती आणि मी तिला गप्प बसायला शिकवलं.

पुढल्या सोमवारी डंक बंद होता, त्यांची सुट्टी. मी मुद्दाम लवकर आलो. गल्ली शांत, पायलिंगही थांबलेलं. फ्रिजची पिन काढली. मी लादीवर कान टेकवला, भिंतीला टेकवला. काही नाही. कणभर नाही.

"आता आहे का गं?" मी विचारलं.

श्रेयाने माझ्याकडे बघितलं. तिला माझी कीव आली असावी. "बाबा, खालच्या आवाजाला दिशा नसते ना?" ती म्हणाली. "मग जाऊ दे."

३

गिरगावात माझी सासुरवाडी. त्याच वाडीत शामराव म्हणून तबल्याचे मास्तर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, एकटे, तोंडाने फटकळ. त्यांना जुन्या बैठकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायला छोटा सब हवा होता. "डग्गा ऐकू येत नाही रे तुमच्या त्या मोबाइलवर," म्हणाले. "नुसता टिक टिक तबला ऐकून मी काय करू?"

सब लावला, रांगलो, जागा ठरवली. खेळाचं माझ्या मनात नव्हतं. त्यांनीच स्वतःहून डोळे मिटले आणि हात वर केला.

"तिकडे," म्हणाले.

त्यांचा हात खिडकीतून बाहेर रोखलेला होता. मला वरळीची तीन बोटं आठवली. तरी सवयीने बोललोच, "चूक, मास्तर."

"चूक? साठ वर्षं हा तळवा डग्ग्यावर आहे माझा. मला शिकवतोस?"

"मास्तर, सब इथे आहे, कपाटाच्या बाजूला."

"त्याचं नाही सांगत मी. तो तुझा खोका कुठे वाजतोय?"

मी बघितलं. गाणं अजून लावलंच नव्हतं. सब हलवताना काढलेली वायर अजून माझ्याच पिशवीत होती, गुंडाळलेली. सबच्या पडद्यावर बोट ठेवून बघितलं, पडदा ढिम्म.

"मग तुम्हाला ऐकू काय येतंय?"

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "वाजवण्याआधी आपण डग्ग्यावर नुसता तळवा टेकवून बसतो ना, तेव्हा चामडं दबतं. वाजत काहीच नाही, पण दबलेलं असतं. तसं." मग म्हणाले, "गेला महिनाभर आहे. कोणीतरी हात ठेवून बसलंय, आणि त्याला घाई नाही."

मी त्यांना वायर जोडून दिली, गाणं लावून दिलं आणि पायऱ्या उतरलो. खाली येऊन सहज मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. त्यांच्या खिडकीतून हात गेला होता तो उत्तरेला, जरासा उजवीकडे कलून. भायखळ्याच्या पलीकडे.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आवाज म्हणजे हवा हलते, बाकी काही नाही. म्हणून ठरवलं, आणखी एकदा बघू आणि विषय संपवू.

कॉटन ग्रीनला गोदामांच्या समोरच्या चाळीत विकास म्हणून पोरगा राहतो, बँकेत आहे. त्याने आईसाठी सिस्टीम घेतली होती. मीराबाईंना बुद्धवंदना आणि भीमगीतं मोठ्या आवाजात लागतात. बाई मोकळ्या, हसऱ्या. डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाल्या, "लावा बघू." मी काहीच लावलं नाही. नुसता रिमोट हातात धरून उभा राहिलो.

त्यांचं हसू गेलं. हात वर आला. रेल्वे लायनीच्या पलीकडे, पश्चिमेला.

"विकास, हे बंद कर," त्या म्हणाल्या. "छातीत बसतंय."

"आई, काही लावलंच नाहीये अजून," विकास म्हणाला.

मी घरी आलो. श्रेयाच्या दप्तरात मुंबईचा नकाशा होता, शाळेचा. तिची पट्टी घेतली. वरळीहून मागे, गिरगावातून वर, कॉटन ग्रीनहून अलीकडे. तीन रेषा मारल्या. मारताना मी स्वतःला शिव्या घालत होतो, च्यायला मन्या, असल्या नकाशावर पट्टी अर्धा मिलिमीटर हलली तर अर्धी गल्ली सरकते, ह्याला काय अर्थ आहे.

तिन्ही रेषा लालबागला मिळाल्या. टोकाचा पेन्सिलीचा ठिपका आमच्या गल्लीएवढा होता.

मी खोलीत नजर फिरवली. कॉट, कपाट, मोरी, देव्हारा, टीव्ही, मधोमध खुर्ची. सगळं आमचंच. तरी पाय खाली टेकवायला मला नको वाटत होतं. नकाशा घडी करून परत दप्तरात ठेवला.

५

शांताकाकींनी मला जिन्यातच गाठलं. मूळच्या मालवणच्या, साठ वर्षं मुंबईत, भाषा तशीच.

"काय रे मनू, तुझा चेडू दुपारचा रांगता कित्याक? धा वर्षांचा घोडा झाला! हाक मारलंय तर वळानसुद्धा बघणा नाय."

"कधीपासून काकी?"

"दिवाळेपासून बघतंय. रोज रांगता."

शाळेतूनही तेच आलं. बाईंनी वहीत लिहिलं होतं, मुलगी वर्गात हाकेला ओ देत नाही, कान तपासून घ्या. कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. पण पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. जेवताना घास हातात तसाच धरून ती कुठेतरी ऐकत बसायची. रुपालीने दोनदा "श्रेया" म्हटलं की तिसऱ्यांदा तिचं तिलाच रडू यायचं.

मग एक दिवस काम सोडून दीड वाजता घरी आलो. दार लोटलेलं होतं. फटीतून बघितलं.

खुर्ची मधोमध. खुर्चीवर काही नाही. शेजारी स्टुलावर स्टीलचा पाण्याचा पेला. आणि श्रेया शाळेच्या गणवेशातच जमिनीवर, कान खाली, एकेक हात पुढे टाकत रांगत होती. थांबायची, श्वास रोखायची, मान हलवायची, खडूने फुली मारायची. अगदी माझ्यासारखी. तो सोमवार होता. डंक बंद. पेल्यातल्या पाण्यावर मात्र बारीक गोल गोल वळ्या उठत होत्या आणि थांबतच नव्हत्या.

मी धाडकन आत गेलो. पाणी लगेच थांबलं नाही.

"श्रेया! काय चाललंय?"

"जागा शोधतेय."

"कोणाची?"

"त्याची." तिने खुर्चीकडे दाखवलं. घाबरली नव्हती. दमली होती, आमच्या कामात माणूस दमतो तशी. "बाबा, तूच सांगितलंस ना, आधी त्याला खुर्चीवर ठेवायचं आणि आपण शोधायचं. तो आधीच खुर्चीवर होता. मग मी शोधायला लागले."

लादीवर फुल्याच फुल्या होत्या. खिडकीखाली, मोरीजवळ, कॉटखाली, देव्हाऱ्यासमोर. पलंगपोस उचलून बघितला, तिथेही. सगळी खोली भरली होती. फक्त कपाटाच्या बाजूचा कोपरा मोकळा होता. तिथे श्रेयाची गुंडाळलेली गादी होती. रोज तिथेच पसरतो आम्ही ती.

"तिथे का नाही फुली?"

"तिथे शेवटी. कोपऱ्यात सगळ्यात भरीव लागतो असं तूच म्हणतोस. तिथेच असणार बहुतेक."

"आणि सापडली जागा की?"

"मग अदलाबदल," ती म्हणाली. "मी खुर्चीवर बसणार आणि तो माझ्या गादीवर येणार."

मी तिला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. इतकी हलकी लागली की मला रडूच फुटलं.

६

आधी जे कोणीही बाप करेल तेच केलं. दम भरला. खडू फेकले. खुर्ची माळ्यावर टाकली. श्रेया म्हणाली, "तो तिथेच आहे, खाली बसलाय आता." मग टॅक्सीची वाट न बघता सरळ बसने तिला गिरगावला आजीकडे घेऊन गेलो. रुपाली माझ्यावर भडकली. "तुम्हीच तिच्या डोक्यात हे भरवलंत! लाट काय, दिशा काय! लहान पोर आहे ती, गिऱ्हाईक नाही तुमचं!" तिचं काय चुकलं होतं?

तिसऱ्या दिवशी शामराव मास्तरांचा फोन आला.

"मनू, हात कुठे दाखवू तेच कळत नाहीये रे. आता सगळीकडूनच येतंय. वाडीतच आहे ते."

सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पोर गुणाची आहे, दिवसभर जमिनीवर खडूने खेळते, अर्धी खोली भरवली. मी तिला त्याच दुपारी परत आणलं. ते खोलीत नव्हतंच कधी. ते तिच्यापाशी होतं.

बसमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी हळूच विचारलं, "बाळा, तू शोधायचं थांबवलंस तर?"

"तो थांबत नाही बाबा. सापडेपर्यंत नाही थांबत. तू हाक मारतोस ना, ती मला लांबून येते. तो जवळ आहे." मग म्हणाली, "मला एकदाचं झोपायचंय."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. वीस वर्षांत मी एकही आवाज बंद केलेला नाही. खालचा आवाज अडवता येत नाही. भिंत घाला, उशा लावा, दार बंद करा, तो पलीकडे निघतोच. मला एवढंच येतं, त्याला चांगली जागा द्यायची. कोपरा म्हणजे त्याचं माहेर. पण कोपऱ्यात काही भरीव वस्तू ठेवली, तर तो आधी तिच्यात उतरतो. हे गिऱ्हाइकांना मी शंभर वेळा सांगितलंय. कपाट ठेवू नका हो तिथे, कपाट वाजेल.

शनिवारी दुपारी रुपाली दुकानात गेल्यावर मी माळ्यावरून खुर्ची काढली आणि मधोमध ठेवली. तिच्यावरची फोमची गादी हाताने नीट केली. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला ठेवला. श्रेयाची गुंडाळी गॅलरीत नेली. चपला काढल्या आणि कोपऱ्यात जाऊन अनवाणी उभा राहिलो. एक खांदा कपाटाला, एक भिंतीला.

"बाबा, तू तिथे का?"

"तुला मदत करायला. तू रांग. सगळीकडून ये, इथे शेवटी."

"तुझ्यामुळे चुकेल."

"नाही चुकणार. रांग बाळा."

ती रांगायला लागली. खिडकी, मोरी, कॉट, देव्हारा. जुन्या फुल्यांवरून पुन्हा. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, माझ्याकडे येऊ दे, माझ्याकडेच येऊ दे. खाली डंक चालू होता, धप, धप. मिरचीच्या धुराने कोणीतरी शिंकलं. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. सगळं रोजचं. मला क्षणभर वाटलं, मी किती मूर्ख आहे, भरदुपारी स्वतःच्या घरात कोपऱ्यात उभा आहे, लोक काय म्हणतील.

मग माझी नजर खुर्चीवर गेली.

फोमची गादी मधोमध दबलेली होती. मी मगाशी नीट केलेली गादी. खोल दबलेली, जड माणूस बराच वेळ बसल्यावर दबते तशी. श्रेया माझ्याकडे वळली आणि पुढे आली तसा तो खळगा हळूहळू भरून वर येऊ लागला. आधी पुढची कडा, मग मागची. कोणीतरी गुडघ्यांवर हात देऊन सावकाश उठावं तसं. गादी सपाट झाली. पेल्यातलं पाणी एकदम गप्प झालं.

मला ओरडायचं होतं. पण ओरडलो असतो तर श्रेया थांबली असती. त्यानंतर खुर्ची आणि माझ्यामधल्या लादीवर काय होतं ते मी बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. मी फक्त श्रेयाकडे बघत राहिलो. ती माझ्या पायाशी पोचली. तिने माझ्या नडगीला कान लावला. मग गुडघ्याला. मग उभी राहून पोटाला.

तिचा चेहरा उजळला. महिनाभरात पहिल्यांदा.

"इथे!" ती म्हणाली. "बाबा, इथे सगळ्यात छान आहे. हलू नको."

मी हललो नाही. ती धावत जाऊन खुर्चीवर बसली, पाय हलवले, मोठ्ठी जांभई दिली आणि बसल्या बसल्या झोपली.

७

श्रेया आता बरी आहे. पोटभर जेवते, बाईंना पहिल्या हाकेला ओ देते, शांताकाकींच्या खोड्या काढते. खडूचं नावही घेत नाही. रुपालीला वाटतं डॉक्टरांच्या टॉनिकचा गुण. मी हो म्हणतो.

मला ऐकू काही येत नाही. पोटाच्या जरा वर आत काहीतरी दबलेलं असतं, एवढंच. शामराव मास्तर म्हणाले होते तसं, तळवा टेकलेला. त्याला घाई नाही.

कामं चालू आहेत. खेळ मात्र मी बंद केला होता. परवा दादरच्या एका घरात लोकांनीच आग्रह केला, मित्राकडे बघितलं होतं म्हणे. चौघांनी डोळे बांधले. चार बोटं वर आली. चारही माझ्यावर. मी पाय न वाजवता चार पावलं डावीकडे गेलो. बोटं माझ्याबरोबर वळली.

"चूक," मी म्हणालो. "खालच्या आवाजाला दिशा नसते."

सगळे हसले. एकाने मात्र पट्टीखालून विचारलं, "दादा, तुम्ही नक्की कुठे उभे आहात?" मी वायरी गोळा केल्या आणि निघालो.

तडक घरी आलो. मला एकच गोष्ट पाहायची होती. श्रेयाच्या डोळ्यांवर रुपालीची ओढणी बांधली आणि टीव्हीवर गाणं लावलं. सब कॉटखाली, वायर जोडलेला. मी तिच्यापासून दूर, दाराशी उभा.

"सांग, धडधड कुठून येतेय?"

तिने जराही न थांबता टीव्हीच्या छोट्या स्पीकरकडे बोट दाखवलं. साफ चूक. जगातलं प्रत्येक पोर चुकतं तशी चुकली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. गाणं बंद केलं, पुढे गेलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"चूक!" मी म्हणालो. "हरलीस तू!"

ती हसली. मग हसता हसता थांबली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, हात पुढे करून चाचपडायला लागली.

"बाबा, कुठून बोलतोयस तू?" ती म्हणाली. "कळतच नाही. परत बोल ना. बाबा?"

"इथे आहे गं," मी म्हणालो.

तिने खिडकीकडे तोंड केलं. मग मोरीकडे. मग वर छताकडे. "बाबा?" आता तिचा आवाज रडवेला झाला होता. "बाबा, कुठे आहेस तू?"

मी तिच्या समोरच उभा होतो, हातभर अंतरावर.